अमेरिकी राज्यांच्या अपील न्यायाधीशांची चरित्रपाने लिहिताना या चुका टाळा

मराठी विकिपीडियासारख्या ज्ञानकोशात अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या अपील न्यायाधीशावर पान लिहायला घेतले की पहिली अडचण भाषेची येत नाही. ती आपल्या मनात पक्क्या बसलेल्या न्यायव्यवस्थेची येते. भारतात तालुका न्यायालयापासून दिल्लीपर्यंत एकच उतरंड आहे, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि ते वयाच्या ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. मुंबई उच्च न्यायालय महाराष्ट्र, गोवा आणि एका केंद्रशासित प्रदेशासाठी मिळून एकच आहे, यातही आपल्याला काही वावगे वाटत नाही. अमेरिकेत मात्र संघीय न्यायालयांची व्यवस्था वेगळी आणि ५० राज्यांच्या ५० व्यवस्था वेगळ्या. न्यायालयांची नावे, नेमणुकीची रीत, मुदत आणि पदनाम हे सर्व ज्या त्या राज्याचे संविधान आणि कायदे ठरवतात. त्यामुळे न्यायाधीशाच्या आयुष्याची माहिती गोळा करण्याआधी त्या राज्याच्या न्यायव्यवस्थेवर तासभर घालवावा. पुढच्या बहुतेक चुका तिथेच टळतात.

न्यायालयाच्या नावावरून दर्जा ठरवणे

सर्वांत जास्त पाने इथेच बिघडतात. न्यू यॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे राज्यातील सर्वोच्च न्यायालय नसून मूळ खटले चालवणारे न्यायालय आहे. त्याच्या वर चार विभागांत वाटलेले ‘अपेलेट डिव्हिजन’ येते आणि सर्वांत वर ‘कोर्ट ऑफ अपील्स’. बेंजामिन कार्डोझो यांच्या चरित्रात या गुंत्याचा पुरता कस लागतो. ते १९१३ च्या निवडणुकीत न्यू यॉर्कच्या सुप्रीम कोर्टावर निवडून आले, १९१४ च्या आरंभी तिथे रुजू झाले, काही आठवड्यांतच कोर्ट ऑफ अपील्सवर पाठवले गेले आणि १९३२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘१९१४ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले’ असे वाक्य लिहिले, तर ते एका अर्थाने मूळ स्रोतातील शब्दांना धरून असते आणि तरीही वाचकाची पूर्ण दिशाभूल करते.

पेनसिल्व्हेनियात ‘सुपीरियर कोर्ट’ हे अपील न्यायालय आहे, तर कॅलिफोर्नियात त्याच नावाचे न्यायालय मूळ खटले चालवते. टेक्सास आणि ओक्लाहोमा येथे सर्वोच्च स्तरावर दोन न्यायालये आहेत. दिवाणी प्रकरणांत अंतिम शब्द सुप्रीम कोर्टाचा आणि फौजदारी प्रकरणांत कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्सचा. वायोमिंग, मेन, व्हरमाँट यांसारख्या राज्यांत मधले अपील न्यायालय अस्तित्वातच नाही. मेरीलँडने तर १४ डिसेंबर २०२२ रोजी नावेच बदलली: तोपर्यंतचे ‘कोर्ट ऑफ अपील्स’ हे ‘सुप्रीम कोर्ट ऑफ मेरीलँड’ झाले आणि ‘कोर्ट ऑफ स्पेशल अपील्स’ हे ‘अपेलेट कोर्ट ऑफ मेरीलँड’ झाले. या तारखेआधी निवृत्त झालेल्या न्यायाधीशाच्या पानावर जुनेच नाव द्यावे आणि आजचे नाव त्याच वाक्यात एकदा सांगावे. नवे नाव सरसकट मागे लावत गेल्यास त्या काळातील निकालपत्रे शोधणाऱ्या वाचकाला काहीच सापडत नाही.

माझ्या मते सुरक्षित मार्ग एकच आहे. न्यायालयाचे नाव देवनागरीत जसेच्या तसे लिहावे आणि ते न्यायालय राज्याच्या व्यवस्थेत कुठे बसते हे पहिल्याच परिच्छेदात एका वाक्यात सांगावे. मधल्या अपील न्यायालयाला ‘उच्च न्यायालय’ म्हणण्याचा मोह आवरावा. आपल्या उच्च न्यायालयाकडे रिट अधिकारिता (हक्कांच्या रक्षणासाठी शासनाला थेट आदेश देण्याचा अधिकार) असते आणि जिल्हा न्यायालयांवर प्रशासकीय देखरेखही असते; वाचक ते सारे अधिकार नकळत त्या परक्या न्यायालयाला बहाल करून मोकळा होतो. पदनामांचेही तसेच आहे. न्यू यॉर्कमध्ये सर्वोच्च स्तरावरील व्यक्ती ‘जज’ असते आणि खालच्या सुप्रीम कोर्टातील ‘जस्टिस’. आपल्याकडच्या न्यायाधीश आणि न्यायमूर्ती या चढत्या क्रमावर विसंबले, तर तिथे नेमके उलटे पडते.

‘नेमणूक’ आणि ‘निवडणूक’ यांची सरमिसळ

न्यायाधीश पदावर कसा आला, हे चरित्रपानातील सर्वांत महत्त्वाच्या वाक्यांपैकी एक असते आणि तेच बहुधा घाईत लिहिलेले असते. कॅलिफोर्नियाच्या सहा जिल्ह्यांत विभागलेल्या कोर्ट्स ऑफ अपीलमध्ये गव्हर्नर (राज्याचे निवडून आलेले कार्यकारी प्रमुख) नाव सुचवतात, राज्याचे सरन्यायाधीश, अ‍ॅटर्नी जनरल आणि संबंधित जिल्ह्याचे ज्येष्ठ पीठासीन न्यायाधीश यांचा आयोग त्यावर शिक्कामोर्तब करतो आणि त्यानंतर गव्हर्नरपदाच्या पुढील निवडणुकीच्या वेळी मतदारांसमोर एवढाच प्रश्न ठेवला जातो की या व्यक्तीला पदावर कायम ठेवावे का. उत्तर हो किंवा नाही; समोर दुसरा उमेदवार नसतो. पूर्ण मुदत १२ वर्षांची असते. अशा मतदानानंतर ‘बिनविरोध निवडून आले’ किंवा ‘प्रतिस्पर्ध्याचा पराभव केला’ असे लिहिणे चुकीचे आहे.

हे मतदान नुसता उपचार असते असेही कोणी गृहीत धरू नये. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरन्यायाधीश रोझ बर्ड यांच्यासह क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन या तिघांना मतदारांनी पदावरून दूर केले. रेनोसो आणि ग्रोडिन हे दोघेही कोर्ट्स ऑफ अपीलमधून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेले होते. आयोवात २००९ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देणारा निकाल लागला आणि पुढच्याच वर्षी मतदारांनी तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांना घरी बसवले. अशा पानांवर ‘निवृत्त झाले’ हे क्रियापद वापरणे म्हणजे सौजन्याच्या नावाखाली माहिती दडपणे होय.

टेक्सासमध्ये न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर निवडणूक लढवतात. मात्र मुदत संपण्याआधी जागा रिकामी झाली, तर गव्हर्नर ती नेमणुकीने भरतात. म्हणून ‘टेक्सासचे न्यायाधीश, म्हणजे निवडून आलेले’ असा तर्क लढवू नये. पहिली नेमणूक आणि नंतरची निवडणूक या दोन घटना दोन तारखांसह लिहाव्यात. न्यू यॉर्कच्या अपेलेट डिव्हिजनमध्ये या दोन्हींचे मिश्रण आहे: सुप्रीम कोर्टावर आधीच निवडून आलेल्यांमधून गव्हर्नर वरच्या जागेसाठी निवड करतात.

नेमणूक करणाऱ्याच्या पक्षावरून न्यायाधीशाचा पक्ष ठरवणे ही याच कुळातली चूक. विल्यम ब्रेनन डेमोक्रॅट होते; न्यू जर्सीचे रिपब्लिकन गव्हर्नर आल्फ्रेड ड्रिस्कॉल यांनी १९४९ मध्ये त्यांना राज्याच्या सुपीरियर कोर्टावर नेमले, पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावरही त्यांनीच नेमले आणि १९५६ मध्ये आयझेनहॉवर या रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी त्यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नेले. माहितीचौकटीत ‘पक्ष’ हा रकाना आहे म्हणून तो भरलाच पाहिजे असे नाही. स्पष्ट स्रोत नसेल तर तो रिकामा ठेवावा.

तारखांबाबत थोडक्यात सांगायचे, तर नाव जाहीर होणे, मंजुरी मिळणे, शपथ घेणे आणि मुदत सुरू होणे हे चार वेगळे दिवस असू शकतात आणि कार्यकाळ शपथेपासून किंवा मुदतीच्या आरंभापासून मोजला जातो. कार्डोझो कोर्ट ऑफ अपील्समध्ये १९१४ पासून बसत होते, पण ती व्यवस्था तात्पुरती होती. नियमित जागा त्यांना १९१७ मध्ये मिळाली. दोन विश्वासार्ह स्रोतांत दोन वर्षे दिसली, तर त्यांतले एक चूक असेलच असे नाही.

खंडपीठाचा निकाल एकट्याच्या नावावर मांडणे

‘न्यायाधीश अमुक यांनी तमुक निकाल दिला’ हे वाक्य अपील न्यायाधीशाच्या पानावर सहसा अपुरे असते. अपील न्यायालयात अनेक न्यायाधीश एकत्र बसतात. कोणी बहुमताचे निकालपत्र लिहितो, कोणी त्याला नुसती सहमती देतो, कोणी विरोधी मत नोंदवतो आणि काही निकालपत्रांवर लेखकाचे नावच नसते.

पाल्सग्राफ विरुद्ध लाँग आयलंड रेलरोड हा अमेरिकेतील विधी महाविद्यालयांत आजही शिकवला जाणारा खटला जवळून पाहावा. ऑगस्ट १९२४ मध्ये ब्रुकलिनच्या ईस्ट न्यू यॉर्क स्थानकात सुटलेल्या गाडीत चढणाऱ्या एका प्रवाशाला रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी आधार दिला, त्या गडबडीत त्याच्या हातातले पुडके रुळांवर पडले, त्यातल्या फटाक्यांचा स्फोट झाला आणि फलाटावर काही अंतरावरचा वजनकाटा एका महिलेच्या अंगावर कोसळला. ज्युरीने तिला ६,००० डॉलर भरपाई दिली. अपेलेट डिव्हिजनच्या दुसऱ्या विभागाने १९२७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ती कायम ठेवली; बहुमताचे निकालपत्र आल्बर्ट सीगर यांचे आणि विरोधी मत पीठासीन न्यायाधीश एडवर्ड लझान्स्की यांचे. कोर्ट ऑफ अपील्सने १९२८ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी हा निकाल फिरवला. या वेळी बहुमताचे निकालपत्र कार्डोझो यांनी लिहिले आणि विरोधी मत विल्यम अँड्र्यूज यांनी नोंदवले.

आता लझान्स्की यांच्या पानावर ‘पाल्सग्राफ खटल्यात त्यांच्या न्यायालयाने रेल्वेला जबाबदार धरले’ एवढेच लिहिले, तर वाक्य खरे असूनही त्यांची भूमिका नेमकी उलटी दिसते. ‘दुसऱ्या विभागाने भरपाई कायम ठेवली तेव्हा त्यांनी विरोधी मत नोंदवले आणि पुढील वर्षी वरिष्ठ न्यायालयाचा निकालही रेल्वेच्या बाजूने लागला’ असे लिहिले की न्यायालय, भूमिका आणि परिणाम या तिन्ही गोष्टी जागेवर बसतात. न्यायाधीशाचे नाव, त्याची नेमकी कृती, मतांची विभागणी आणि पुढे काय झाले, इतके आल्याशिवाय कोणताही निकाल चरित्रपानात घेऊ नये.

ही काटेकोरता जुन्या खटल्यांपुरती नाही. न्यू यॉर्कच्या गव्हर्नरांनी अपेलेट डिव्हिजनच्या दुसऱ्या विभागाचे पीठासीन न्यायाधीश हेक्टर लासाल यांचे नाव राज्याच्या मुख्य न्यायाधीशपदासाठी सुचवले आणि १५ फेब्रुवारी २०२३ रोजी राज्याच्या सिनेटने ते ३९ विरुद्ध २० मतांनी नाकारले. ज्या निकालांवरून टीका झाली, त्यांत खंडपीठाचे सदस्य म्हणून त्यांनी नुसती सहमती दिलेले निकालही होते. हयात व्यक्तीच्या पानावर अशा ठिकाणी ‘लिहिले’ आणि ‘सहमती दिली’ यांतला फरक पुसला, तर ते पान वादातल्या एका बाजूचे पत्रक होते.

आणखी एक लक्षात ठेवावे: अपील न्यायालय साक्षीपुरावा नव्याने नोंदवत नाही. ते खालचा निकाल कायम ठेवते, बदलते, रद्द करते किंवा प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठवते. शिक्षा रद्द होऊन प्रकरण परत गेले असेल, तर आरोपी ‘निर्दोष सुटला’ असे लिहू नये.

स्रोत, सूर आणि छायाचित्र

न्यायालयाच्या संकेतस्थळावरील परिचय बहुधा त्या न्यायाधीशाच्याच माहितीवर बेतलेला असतो. जन्म, शिक्षण आणि पदांच्या तारखांसाठी तो चालतो; ‘नामवंत’, ‘निःस्पृह’ अशा विशेषणांसाठी चालत नाही. प्रचाराच्या संकेतस्थळांचे तर बोलायलाच नको. मराठीत ही अडचण अधिक जाणवते, कारण मोठ्या पदावरच्या माणसाविषयी लिहिताना आपली लेखणी सत्कारसमारंभातल्या मानपत्राकडे सहज वळते. ‘त्यांनी’, ‘ते होते’ हे आदरार्थी बहुवचन ठेवावे, ‘माननीय’ काढून टाकावे आणि प्रत्येक विशेषणाला कोण म्हणाले हे विचारावे. याच ओघात एक नेहमीची गफलत: पदवीनंतर एखाद्या न्यायाधीशाकडे ‘लॉ क्लार्क’ असणे म्हणजे संशोधन आणि निकालपत्रांचे मसुदे यांत साहाय्य करणे, ते मानाचे आणि चुरशीने मिळणारे काम असते. तिथे ‘कारकून’ लिहिले की चरित्राची सुरुवातच फसते.

इंग्रजी विकिपीडियाच्या धोरणानुसार हयात व्यक्तीविषयीच्या विधानांना आधार म्हणून न्यायालयीन नोंदी आणि तत्सम सार्वजनिक दस्तऐवज वापरता येत नाहीत, आणि ही शिस्त मराठीतही पाळावी. घटस्फोटाची कागदपत्रे, मालमत्तेच्या नोंदी किंवा घराचा पत्ता कुठे तरी सापडला म्हणून पानात घालू नये. एका संघीय न्यायाधीशांच्या घरावरील हल्ल्यात त्यांच्या मुलाचा मृत्यू झाल्यानंतर न्यू जर्सीने २०२० मध्ये आजी-माजी न्यायाधीशांचे घरचे पत्ते उघड करण्यावर बंदी घालणारा कायदा केला, एवढे लक्षात घेतले तरी या दक्षतेचे कारण कळते.

छायाचित्र उडवले जाण्याचे कारण बहुधा एकच असते. अमेरिकेच्या संघीय सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून काढलेली छायाचित्रे प्रताधिकारमुक्त असतात. राज्य सरकारांना हा नियम सरसकट लागू नाही. त्यामुळे राज्य न्यायालयाच्या संकेतस्थळावरचे छायाचित्र संघीय छायाचित्रांसाठीचा परवाना-साचा लावून विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर) चढवले की ते काढले जाते. न्यायाधीशांनी पदाच्या नात्याने लिहिलेल्या निकालपत्रांवर मात्र प्रताधिकार नसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जॉर्जिया राज्याच्या प्रकरणात हे तत्त्व पुन्हा अधोरेखित केले. म्हणजे निकालपत्रातला उतारा घेता येतो, शेजारचे छायाचित्र घेता येईलच असे नाही.

पानावरच उल्लेखनीयतेचा साचा (ही व्यक्ती स्वतंत्र पानाला पात्र आहे का, अशी शंका नोंदवणारी सूचना) लागला, तर चर्चा पानावर भांडण्याआधी न्यायालयाचे कार्यक्षेत्र पाहावे. इंग्रजी विकिपीडियाच्या निकषानुसार राज्यव्यापी पद भूषवलेले न्यायाधीश उल्लेखनीय मानले जातात. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे सदस्य त्यात सहज बसतात आणि कोलोरॅडोसारख्या राज्यात मधले अपील न्यायालयही राज्यव्यापी आहे. कॅलिफोर्नियाच्या जिल्हानिहाय न्यायालयांबाबत मात्र मतभेद होऊ शकतात. तिथे नेमणुकीच्या बातमीपलीकडे जाणारे, त्या व्यक्तीच्या कामाचा परामर्श घेणारे दोन-तीन स्वतंत्र लेख जोडावेत. ते मिळत नसतील, तर त्या न्यायालयाच्या पानावर न्यायाधीशांची यादी करून नाव, कार्यकाळ आणि नेमणूक करणारे गव्हर्नर एवढी नोंद तिथे हलवावी आणि मूळ पानावरून तिकडे पुनर्निर्देशन द्यावे.