अग्रक्रम वाढवण्याआधी
गेल्या पावसाळ्यात वाचनालयाच्या जुन्या अंकांची 5,000 पाने टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रामने) मजकुरात उतरवून घेत असताना मी लिनक्सवर त्या कामाचा अग्रक्रम वाढवला आणि निर्धास्त झोपलो. शेजारी एका व्हिडिओचे रूपांतरही चालू होते. सकाळी पाहतो तो जेमतेम 2,000 पाने झालेली. अग्रक्रम वाढवण्याआधी काय पाहावे याची पुढची यादी त्या रात्रीची आहे.

चार्जर लावावा आणि संगणक मध्येच झोपी जाणार नाही असे पाहावे. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

टॉप (चालू कामे दाखवणारी आज्ञा) उघडून काम खरोखरच प्रोसेसरसाठी अडले आहे का, ते पाहावे. प्रोसेसरचे कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) रिकामे असतील तर अग्रक्रम वाढवून काहीच साधत नाही; जिथे रांगच नाही तिथे पहिला नंबर घेऊन काय करायचे? वरच्या ओळीत ‘डब्ल्यूए’चा (डिस्कची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा) आकडा मोठा दिसला तर अडथळा डिस्कचा आहे. तिथे आयओनाइस (डिस्कसाठीचा अग्रक्रम ठरवणारी आज्ञा) लागते, आणि तेही डिस्कचा शेड्यूलर (डिस्ककडे आलेल्या मागण्यांचा क्रम लावणारा भाग) बीएफक्यूसारखा अग्रक्रम मानणारा असेल तरच.

प्रोसेसरसाठीचा अग्रक्रम ठरवणारा नाइसचा आकडा उणे 20 ते 19 असतो, एरवी तो 0 असतो, आणि जितका लहान तितका हक्क मोठा. एका पायरीने वाटा साधारण सव्वापट बदलतो. त्यामुळे एकाच कोरसाठी भांडणाऱ्या दोन प्रोसेसपैकी (चालू प्रोग्रामपैकी) एकीला उणे 5 दिले की तिला सुमारे तीन चतुर्थांश वेळ मिळतो. तेवढे पुरे आहे. उणे 20 देऊन माऊससुद्धा अडखळू लागला तर तक्रार कोणाकडे करणार? त्यापेक्षा व्हिडिओच्या कामाला 10 देऊन मागे ढकलावे, त्याला सुडोही (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लागत नाही. मात्र सामान्य वापरकर्त्याला एकदा वाढवलेला आकडा पुन्हा खाली आणता येत नाही.

आता मी जे विसरलो ते. टॉपमध्ये सर्वांत वर टेसरॅक्ट दिसत होते. त्याचाच पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) उचलून मी रीनाइस (चालू प्रोसेसचा नाइस बदलणारी आज्ञा) केले, एनआयच्या (नाइसच्या) रकान्यात उणे 5 उमटलेले डोळ्यांनी पाहिले आणि स्क्रीन बंद केली. पण माझी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) प्रत्येक पानासाठी नवे टेसरॅक्ट सुरू करत होती. ते पान पंधराएक सेकंदांत संपले, ती प्रोसेस आपल्या आकड्यासह संपली, आणि पुढचे टेसरॅक्ट स्क्रिप्टकडून वारशाने 0 घेऊन आले. पाच हजारांपैकी अग्रक्रम मिळाला तो एका पानाला! म्हणून रीनाइस मूळ स्क्रिप्टला करावे. पीएसमध्ये (प्रोसेसची यादी देणाऱ्या आज्ञेत) पीपीआयडीचा (जन्म देणाऱ्या प्रोसेसच्या क्रमांकाचा) रकाना मागवावा, टेसरॅक्टच्या ओळीतील पीपीआयडी वाचावा आणि तो स्क्रिप्टचाच आहे याची खात्री करून मगच आकडा बदलावा. घाईत टॉपमधली पहिली ओळ उचलू नये. ती मूळ स्क्रिप्टची नसते, कारण स्क्रिप्ट बिचारी नुसती वाट पाहत बसलेली असते आणि यादीत तळाला असते. आणखी एक लक्षात ठेवावे: मूळ स्क्रिप्टचा आकडा बदलला तरी आधीच सुरू झालेल्या प्रोसेसचा बदलत नाही, फक्त पुढे जन्मणाऱ्यांना नवा आकडा मिळतो. आमच्यासारख्या कामात तेवढे चालते. एकच प्रोसेस रात्रभर चालणार असेल तर तिलाही वेगळे रीनाइस करावे लागते.

स्क्रिप्टच सुडोने सुरू करण्याची पळवाट काढू नये, कारण तयार झालेल्या सगळ्या फायली रूटच्या (प्रशासकाच्या) मालकीच्या होतात. आपल्या नावाने सुरू करावी आणि मग सुडोने रीनाइस करावे, अर्थातच मूळ स्क्रिप्टला.

ऑटोग्रुप (एका सत्रातल्या प्रोसेसचा एक गट करणारी लिनक्सची सोय) चालू असेल तर नाइसचा आकडा त्याच सत्रातल्या प्रोसेसपुरता मोजला जातो. तेव्हा दोन्ही कामे एकाच टर्मिनलमधून सुरू करावीत. काम सुरू करताना वापरायच्या नाइस या आज्ञेला दिलेला आकडा आधीच्यात मिळवला जातो, रीनाइसला दिलेला तसाच लागू होतो. एकाच वेळी अनेक पाने चालवायची असतील तर टेसरॅक्टसाठी ओपनएमपीच्या (एकच काम अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे समांतर धाग्यांत, वाटणाऱ्या यंत्रणेच्या) थ्रेडची मर्यादा 1 ठेवावी.

झोपण्यापूर्वी, दहा मिनिटे थांबून, टॉप पुन्हा पाहावे. टेसरॅक्टचा पीआयडी बदललेला आणि एनआय उणे 5 असायला हवा. तिथे 0 दिसला तर मूळ स्क्रिप्टला रीनाइस करायचे पुन्हा राहिले आहे.