मांजराच्या कच्च्या जेवणाचा गारठा घालवण्यासाठी
फ्रीजमधून काढलेले कच्चे मांस मांजर पुष्कळदा नुसते हुंगून सोडते, कारण थंड अन्नाला वास फारसा येत नाही.

१. घरी तयार केलेले मिश्रण एकेका जेवणापुरते लहान पिशव्यांत भरून, चपटे थापून गोठवावे. जाड गोळा वितळायला उगाच वेळ घेतो.
२. आदल्या रात्री एक पिशवी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, बशीत ठेवावी.
३. वाढण्यापूर्वी ती बंद पिशवी पाच मिनिटे कोमट पाण्यात बुडवावी. मायक्रोवेव्ह मात्र टाळावा, कारण मिश्रणात दळलेले हाड असल्यास ते शिजून कडक होते.

गोठवल्याने साल्मोनेलासारखे जंतू मरत नाहीत. म्हणून अर्ध्या तासात न संपलेले अन्न टाकून द्यावे आणि भांडी व हात साबणाने धुवावेत.