विद्युत क्षेत्रातील कार्य आणि ऊर्जा : बारावीत हा भाग प्रथमच शिकणाऱ्यांसाठी

बारावीच्या स्थिर विद्युतिकीत कूलॉमचा नियम बहुतेकांना लवकर जमतो. विद्यार्थी अडतात ते विभव (एकक धन प्रभारामागे असणारी विद्युत स्थितिज ऊर्जा) आणि ऊर्जा यांपाशी. हा भाग शिकवताना मला सातत्याने असे दिसते की अडचण आकडेमोडीची नसते, तर कार्य कोण करत आहे हे ठरवण्याआधीच सूत्राला हात घातलेला असतो. प्रभार संथपणे, म्हणजे त्याची गतिज ऊर्जा न बदलता हलवला, तर क्षेत्राने केलेले कार्य आणि बाह्य बलाने केलेले कार्य समान परंतु विरुद्ध चिन्हांचे असते. म्हणून प्रश्नात यांपैकी कोणते विचारले आहे, ते पहिल्या वाचनातच पेन्सिलीने अधोरेखित करावे.

पाठ करायचेच असेल तर एकच विधान करावे : क्षेत्राने केलेले कार्य = प्रभार × (सुरुवातीचा विभव − शेवटचा विभव), आणि यात प्रभार त्याच्या चिन्हासह घालायचा. धन प्रभारासाठी एक आणि ऋण प्रभारासाठी दुसरे अशी सूत्रांची यादी काही जण बाळगतात. माझ्या मते तिने गोंधळच वाढतो.

एक उदाहरण सावकाश करून पाहावे. दोन समांतर पट्ट्यांमध्ये १०० व्होल्ट विभवांतर आहे आणि ऋण पट्टीजवळ एक इलेक्ट्रॉन स्थिर अवस्थेतून सोडला आहे. ऋण पट्टीचा विभव शून्य मानला, तर कार्य (−१.६ × १०⁻¹⁹) × (० − १००), म्हणजे +१.६ × १०⁻¹⁷ ज्यूल येते. दोन उणे चिन्हांनी मिळून कार्य धन झाले, म्हणजे इलेक्ट्रॉनची स्थितिज ऊर्जा तेवढी घटली आणि गतिज ऊर्जा तेवढी वाढली. धन पट्टीवर पोहोचताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.९ × १०⁶ मीटर असतो. आता विभवांतर तेच ठेवून पट्ट्यांमधले अंतर निम्मे करा. क्षेत्र दुप्पट होते, बल दुप्पट होते, पण अंतर निम्मे झाल्याने कार्य तेवढेच राहते आणि अंतिम वेगही तोच राहतो; फक्त प्रवासाचा वेळ निम्मा होतो. हा निष्कर्ष सूत्राकडे न पाहता सांगता आला, तर विभव म्हणजे काय ते समजले असे मानायला हरकत नाही.

एका इलेक्ट्रॉनला १ व्होल्ट विभवांतरातून जाताना मिळणारी ऊर्जा म्हणजे १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट; म्हणून याच इलेक्ट्रॉनची ऊर्जा १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, असेही म्हणता येते. हे एकक अगदी सुरुवातीपासून वापरावे आणि ज्यूलमध्ये रूपांतर शेवटच्या पायरीला, तेही विचारले असेल तरच करावे.

बल जागोजागी बदलत असते तेव्हा ऊर्जेचा मार्ग किती सोपा पडतो, हे रदरफोर्डच्या मँचेस्टरमधील प्रयोगशाळेत झालेल्या सोन्याच्या वर्खाच्या प्रयोगातून चांगले कळते. ७.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा अल्फा कण सोन्याच्या केंद्रकाच्या थेट दिशेने निघाला, तर तो किती जवळ जाईल? स्थिर त्वरणाची समीकरणे येथे लागूच होत नाहीत. मात्र तो क्षणभर थांबतो तेव्हा त्याची सर्व गतिज ऊर्जा स्थितिज ऊर्जेत बदललेली असते, एवढे लिहिले की पुरते. दोन प्रोटॉन १ फेम्टोमीटर (१०⁻¹⁵ मीटर) अंतरावर असता त्यांची विद्युत स्थितिज ऊर्जा १.४४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. अल्फा कणात २ आणि सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन असतात; त्यावरून २ × ७९ × १.४४ ÷ ७.७, म्हणजे सुमारे ३० फेम्टोमीटर हे उत्तर मिळते. सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या सुमारे ७ फेम्टोमीटर असल्याने हा कण केंद्रकाला न शिवताच परततो.

ज्यांना पुढे भौतिकशास्त्रात जायचे आहे, त्यांनी मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात असलेल्या पेलेट्रॉन त्वरकाची (प्रभारित कणांना वेग देणाऱ्या यंत्राची) रचना अवश्य समजून घ्यावी. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांच्या या संयुक्त यंत्रात मध्यभागीच्या अग्राचा (उच्च विभवावर ठेवलेल्या धातूच्या भागाचा) धन विभव जास्तीत जास्त १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत नेता येईल अशी रचना आहे. एक एकक ऋण प्रभार असलेला आयन या अग्राकडे ओढला जातो, तेथे कार्बनच्या अतिशय पातळ पापुद्र्यातून जाताना त्याचे इलेक्ट्रॉन निघून जातात, आणि आता धन झालेला तोच आयन त्याच अग्रापासून दूर लोटला जातो. विभव १० दशलक्ष व्होल्ट असेल आणि कार्बनच्या आयनाचे पाच एकक धन प्रभारात रूपांतर झाले, तर पहिल्या टप्प्यात १० आणि दुसऱ्या टप्प्यात ५०, अशी एकूण ६० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा त्याला मिळते.

चांगला विद्यार्थी येथे हटकून विचारतो, आणि त्याने विचारावेच, की आयन शून्य विभवावरून निघून शून्य विभवावरच पोहोचला, तर कार्य शून्य का नाही? प्रभार वाटेत बदलला नसता, तर ते शून्यच झाले असते. कार्बनच्या प्रत्येक आयनामागे अग्रावर सहा इलेक्ट्रॉन मागे राहतात आणि अग्राचा धन प्रभार तेवढा घटतो. तो भरून काढण्यासाठी धातूच्या नळकांड्यांची फिरती साखळी तेवढाच धन प्रभार १० दशलक्ष व्होल्टपर्यंत चढवते. सहा एकक प्रभार तेथवर नेण्याचे कार्य बरोबर ६० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते, आणि क्षेत्राविरुद्धचे हे कार्य साखळी फिरवणारी मोटर करते.