इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर आहेत, पण कुठे? या चुका टाळा

इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर म्हणजे रुग्णालयात जंतुसंसर्ग पसरू नये यावर लक्ष ठेवणारी नर्स. दीडशे खाटांच्या रुग्णालयातली मुख्य चूक सकाळी आठलाच होते. आयसीयूतली एक सिस्टर रजेवर असते, आणि मेट्रन म्हणतात, "आज इन्फेक्शन कंट्रोलवाल्या सिस्टरना तिकडे घ्या, त्यांचा राउंड उद्या होईल." तो उद्या थेट एनएबीएचच्या (रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या) असेसमेंटच्या आठवड्यात उगवतो. म्हणून ड्युटी रोस्टरमध्ये त्यांचं नाव वॉर्डच्या रकान्यात लिहूच नका. बदली म्हणून पाठवावंच लागलं, तर किती तास गेले त्याची नोंद ठेवा आणि महिन्याच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या मीटिंगमध्ये तो आकडा मांडा.

"अडीचशे खाटांमागे एक सिस्टर, मग आम्हाला अर्धीच पुरे," हा मॅनेजमेंटचा लाडका हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत २५० हा किमान आकडा आहे. हल्लीचे रुग्ण जास्त गंभीर असतात, म्हणून शंभरामागे एक असा विचार व्हावा, असंही तिथेच म्हटलंय. ते मात्र कोणी वाचून दाखवत नाही.

कॅथेटरमुळे होणाऱ्या इन्फेक्शनचा रेट सलग शून्य येतोय? आधी मोजणी तपासा. हा दर हजार कॅथेटर-दिवसांवर काढतात, म्हणजे रोज ठरल्या वेळी किती जणांना कॅथेटर आहे ते कोणीतरी मोजायला हवं. त्यासाठी प्रत्येक वॉर्डात एक लिंक नर्स (इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघणारी त्याच वॉर्डातली नर्स) नेमा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मोजताना "यांचं कॅथेटर अजून का ठेवलंय?" हा प्रश्न आपोआप निघतो.

मामा-मावशींना (वॉर्डात साफसफाई करणाऱ्यांना) इंग्रजी पोस्टर दाखवून सही घेणं म्हणजे ट्रेनिंग नव्हे. हायपोचा (जंतुनाशक सोडियम हायपोक्लोराइटचा) कॅन ५ टक्क्यांचा असेल तर एक मग हायपोला चार मग पाणी, की १ टक्का झालं; रोज ताजं. हे मग हातात घेऊनच दाखवा. कंत्राटी माणसं बदलली की पुन्हा दाखवा.

बाहेरचा आधार आधीच जोडून ठेवा: जवळच्या मेडिकल कॉलेजचा मायक्रोबायॉलॉजी विभाग आणि शेजारच्या दोन-तीन रुग्णालयांतल्या सिस्टर. रात्री दोनला कर्मचाऱ्याला वापरलेली सुई टोचली तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची. एचआयव्हीसाठीचं औषध लागणार असेल तर शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं. ७२ तासांनंतर उपयोग नाही. एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) तेव्हा बंद असतं. सिव्हिलच्या कॅज्युअल्टीचा नंबर भिंतीवर असेल, तर एकदा रात्रीच लावून बघा, आणि औषधाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते तेही विचारा.