पीक गेलं, माग थांबला, तर पहिल्या महिन्यात मन कसं सावरायचं

बेळगावात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरून दिवसच्या दिवस थांबलं की भाताचं रोप कुजतं. तिथल्याच वडगाव-खासबाग या विणकरांच्या भागांत सुताचे दर चढले आणि साडीला उठाव नसला की माग बंद पडतात. दोन्ही घरांत पैशाच्या आधी एक गोष्ट जाते, ती म्हणजे दिवसाची घडी. पहाटे उठायला कारण उरत नाही, रात्री डोळा लागत नाही. अशा वेळी कुणी "चांगला विचार कर" म्हटलं की चीड येते, आणि ती रास्त आहे. विचार हुकमाने बदलत नाहीत. उठायची वेळ, हातातलं काम आणि वहीतला आकडा मात्र बदलता येतो. मनाला उभारी त्यांच्यामागून येते, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

झोपायची वेळ ठरवू नका, उठायची ठरवा. साडेपाच म्हणजे रोज साडेपाच, रात्र कितीही वाईट गेली तरी. उठल्यावर तासाभरात २० मिनिटं बाहेर उजेडात चाला. सकाळच्या उजेडानेच शरीराला दिवस-रात्र कळते. दुपारी आडवं व्हायचं तर २० मिनिटं, आणि तीनच्या आत. तीननंतर चहा नको. हे जड जातं, कारण रिकाम्या दिवसात कट्ट्यावरचा चहा तेवढाच उरलेला असतो. कट्ट्यावर जरूर बसा, चहा तेवढा टाळा. अंथरुणात बराच वेळ तळमळत असाल तर उठून खुर्चीत बसा, फोन हातात न घेता, आणि डोळे जड झाले की परत जा. पडून तळमळण्याची सवय लागली की अंथरूण दिसताच धडधड सुरू होते. दारूने झोप लवकर लागते, पण ती पहाटेआधी मोडते आणि दुसऱ्या दिवशी धास्ती दुप्पट असते. पहिला आठवडा झोप आणखी बिघडल्यासारखी वाटेल. बहुतेक जण इथेच सोडून देतात. दोन आठवडे तरी थांबा.

दुसरं काम वहीचं. दोनशे पानी वही घ्या. संध्याकाळी सहाची वेळ धरा आणि १५ मिनिटं फक्त काळजी करायला द्या. दिवसभरात काळजी डोक्यात आली की "सहाला बघू" म्हणून एका शब्दात टिपून ठेवा. सहा वाजता पानाच्या मधोमध रेघ मारा. समजा डावीकडे लिहिलंत, "सगळं संपलं". हे लिहून काही हाती लागत नाही, कारण त्याला उत्तरच नाही. तेच फोडून लिहा: "सोसायटीच्या कर्जाचा हप्ता मार्चमध्ये. मुलीची फी १० तारखेला. पंचनाम्यात नाव आलं का, माहीत नाही." आता उजवीकडे प्रत्येकासमोर उद्याची एकच हालचाल येते: सचिवांना मुदतवाढ विचारणे, शाळेत जाऊन फी दोन टप्प्यांत मागणे, उताऱ्याची प्रत घेऊन तलाठ्याकडे जाणे. पावसाचं, बाजारभावाचं काय, यासमोर हालचाल सुचत नाही. तिथे फुली मारा आणि पुढे जा. १५ मिनिटं संपली की वही बंद. झोपायच्या तोंडावर ही वही उघडू नका.

सीमाभागात या कागदांचा वेगळाच ताण असतो. अर्ज, नोटीस, उतारा सगळं कन्नडमध्ये, आणि न कळलेला कागद आहे त्याहून भयंकर वाटतो. नोटीस आली की ती घडी घालून फळीवर ठेवू नका. त्याच दिवशी कन्नड वाचता येणाऱ्याकडून, शेजारचा शाळकरी मुलगाही चालेल, तीनच गोष्टी विचारून घ्या: कुणाकडून आली, काय मागतात, तारीख कोणती. त्या मराठीत पाठीमागे लिहा. सगळे कागद एका फाईलमध्ये, तारखेने लावून.

वसुलीवाले दारात येऊन शिवीगाळ करत असतील, सामान उचलायची धमकी देत असतील, तर ते निमूट सोसायचं नाही. छोट्या कर्जांच्या सक्तीच्या वसुलीविरुद्ध २०२५ पासून कर्नाटकात कायदा आहे. ते कधी आले ती तारीख-वेळ वहीत टिपा आणि ती घालून पोलिसांत लेखी तक्रार द्या. जाताना गल्लीतले दोघे बरोबर घ्या.

आता हाताचं काम. रोज दोन कामं ठरवा, एक उपयोगाचं, एक जिवाला बरं वाटणारं. विळा पाजळणे, परसात मेथीचा वाफा करणे, मागाला तेलपाणी करणे. आणि दुसरीकडे भजनाला टाळ घेऊन बसणे, नातवाला खांद्यावर घेऊन बाजार फिरणे. करण्याआधी वाटत नाहीच, त्याची वाट बघू नका. काम झाल्यावर दहापैकी किती बरं वाटलं तो आकडा वहीत टाका. पहिले दिवस दोन-तीनच येतील. आठवड्याने पान उलटून बघा, कुठल्या कामापुढे चार-पाच आलाय, आणि ते वाढवा. उत्साहात दहा कामं ठरवून तिसऱ्या दिवशी सगळी सोडून देणं, ही इथली नेहमीची चूक.

छाती भरून आली तर चार मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा श्वास लांब हवा, त्यानेच धडधड उतरते. जोरात ओढून घेतला तर उलट गरगरतं.

माणसं दोन पुरेत. एकाला आधीच सांगा, "सल्ला नको, फक्त ऐक." दुसरा कामाचा, बँकेत-कचेरीत बरोबर येणारा.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास, जेवण तुटलेलं, कशातच गोडी नाही, असं चाललं तर हे एकट्याने सावरायचं दुखणं नाही. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय आहे. घरातलं माणूस निरवानिरवीचं बोलत असेल तर आडवळण न घेता विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोंडलेलं बाहेर पडतं. त्याच दिवशी कीटकनाशकाचे, तणनाशकाचे डबे घराबाहेर दुसऱ्याकडे ठेवायला द्या. घरातच कुलपात ठेवलेत तर किल्ली त्याच्या हाती नको. त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा, फुकट, चोवीस तास. फोन लागल्यावर भाषा विचारतात, मराठी मागा. त्याला बोलवत नसेल तर तुम्हीच बोला, काळजी घेणाऱ्यालाही तिथे काय करायचं ते सांगतात.