विधान परिषदेवर मत बनवताना आणि मत देताना

कर्नाटक विधान परिषदेने एखादे विधेयक फेटाळले की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कट्ट्यांवर त्याचा निकाल अर्ध्या तासात लागतो. विधेयक वाचलेला मात्र क्वचितच कोणी भेटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये देवस्थानांच्या उत्पन्नातील वाटा सामायिक निधीकडे वळवणारे दुरुस्ती विधेयक विधानसभेत मंजूर होऊन परिषदेत पडले, तेव्हा काहींना विषय कायमचा मिटला असे वाटले. तो समज चुकीचा होता. राज्यघटनेच्या १९७ व्या अनुच्छेदानुसार विधानसभा तेच विधेयक पुन्हा मंजूर करू शकते आणि त्यानंतर परिषदेच्या हाती जास्तीत जास्त एक महिना उरतो. त्यामुळे परिषदेतल्या मतदानाविषयी बोलताना विधेयक अडले की नुसते लांबले, हे आधी पाहावे.

दुसरी चौकशी मतदानाच्या पद्धतीची करावी. आवाजी मतदानात कोणत्या आमदाराने काय केले याची नावनिशीवार नोंद राहत नाही, म्हणून त्यावरून एखाद्याला दोष देणे वा डोक्यावर घेणे दोन्ही बिनबुडाचे ठरते. मतविभाजन झाले असेल तरच नावे हाती लागतात. कामकाजाचा वृत्तांत बहुतांशी कन्नडमध्ये असतो. घरातली शाळकरी मुले तो आपल्यापेक्षा बरा वाचतात, त्यांच्याकडून वाचून घेण्यात कमीपणा मानू नये.

परिषदेच्या ७५ जागांपैकी २५ विधानसभा सदस्य निवडतात, २५ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडतात, ११ जण नामनियुक्त असतात. आपल्याला थेट हात घालता येतो तो पदवीधरांच्या ७ जागांत, आणि शिक्षक असाल तर त्यांच्या ७ जागांत. बेळगाव, विजयपूर आणि बागलकोट हे तीन जिल्हे मिळून वायव्य मतदारसंघ होतो. तेथील सदस्य जून २०२२ मध्ये निवडून आले आणि मुदत सहा वर्षांची असल्याने पुढची निवडणूक २०२८ च्या मध्यास अपेक्षित आहे.

खरी गफलत नोंदणीत होते. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून पदवीधरांच्या यादीतही असेल, किंवा मागच्या वेळी होते म्हणून या वेळीही राहील, असे धरून चालू नये, कारण ही यादी प्रत्येक निवडणुकीसाठी नव्याने तयार होते. मीही एकदा याच भ्रमात राहिलो, आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर यादी तीनदा चाळून परत आलो. अर्ज फॉर्म १८ चा. शिक्षकांसाठी फॉर्म १९. पदवीधरांच्या यादीचे काम सुरू होईल त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपूर्वी पदवीला किमान तीन वर्षे झालेली असावीत आणि वास्तव्य मतदारसंघात असावे. सीमाभागातील अनेकांची पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असते. ती चालते, कारण अट भारतातील विद्यापीठाची आहे, कर्नाटकातील नव्हे. पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आताच काढून ठेवावी, ऐनवेळी ट्रंक उपसत बसू नये.

मतपत्रिकेवर बरोबरची खूण वा शिक्का चालत नाही. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनानेच पहिल्या पसंतीच्या उमेदवारापुढे १ हा आकडा लिहावा, पुढच्या पसंती हव्या तितक्याच द्याव्यात. आकडा अक्षरांत लिहिला, १ दोघांपुढे घातला किंवा सवयीने खाली सही ठोकली, तर मत बाद होते.