जीप उचलली की आधी ड्रॅग लिंक बघा

परतवाड्याकडून मेळघाटात जाणाऱ्या, उचललेल्या, म्हणजे उंच करून घेतलेल्या, जिपा माझ्याकडे बहुतेक एकच तक्रार घेऊन येतात. "भाऊ, चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग आपोआपच फिरते." तोवर मालकानं स्टिअरिंग डॅम्पर बसवलेला असतो. डॅम्परनं हाताला झटका कमी बसतो, बाप्पा, पण चाक वळायचं ते वळतेच.

सॉलिड अॅक्सल (दोन्ही चाकांना एकच अखंड अॅक्सल) आणि पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या जुन्या जिपेचंच सांगतो. पाटे हाऊसिंगच्या, म्हणजे अॅक्सलच्या नळीच्या, वर घेतले की चेसिस वर जाते, स्टिअरिंग बॉक्सही तिच्यासोबत जातो. अॅक्सल खालीच राहतो. मधली ड्रॅग लिंक, म्हणजे बॉक्सची हालचाल चाकाकडं नेणारा रॉड, मग तिरपी होते.

आडवी, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला जाणारी, ६०० मिमीची ड्रॅग लिंक धरा. ती सपाट असताना अॅक्सल ५० मिमी खाली गेला तर तिचं टोक जेमतेम २ मिमी आत ओढलं जाते. तीच लिंक आधीच १५० मिमी उताराची, म्हणजे एक टोक तेवढं खाली, असेल, तर तेवढ्याच हालचालीत टोक १५ मिमी सरकते. नकलवरचा (चाक ज्यावर वळतं त्या भागावरचा) आर्म १५० मिमीचा असला तर चाक साडेपाच-सहा अंश वळलं समजा. उन्हाळ्यात पांदणीतल्या काळ्या मातीच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात. तिथं हे सहा अंश गाडी सरळ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेतात.

मोजणी सपाट जागी करा, जिनिंगचं सिमेंटचं अंगण त्यासाठी उत्तम. चाकं जमिनीवर, वजन पाट्यांवर, स्टिअरिंग सरळ. ड्रॅग लिंकच्या दोन्ही टोकांच्या बॉल जॉइंटचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. रॉड वाकवलेला असतो, त्यामुळं त्याच्या आकाराकडं बघू नका. बॉल ते बॉल रेषाच खरी. मग एका पोट्ट्याला स्टिअरिंग घट्ट धरायला लावा, चेसिसला जॅक देऊन अॅक्सल लोंबू द्या. टायरच्या कडेला जमिनीवर आधी मारलेल्या खडूच्या रेघेपासून चाक किती फिरलं ते दिसेल.

उपाय दोन. लांब उताराचा पिटमन आर्म (बॉक्सच्या शाफ्टवरचा आर्म) स्वस्त पडतो, पण बॉक्सच्या शाफ्टवर ओढ वाढवतो. मी नकलच्या वर हाय-स्टिअर आर्म बसवणं पसंत करतो, कारण त्यासोबत टाय रॉडही, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा रॉड, वर नेता येतो. खाली राहिलेला टाय रॉड पऱ्हाटीच्या खुंटांना आणि नाल्यातल्या धोंड्यांना अडकून वाकतो. मात्र पूर्ण वळणात आणि पाटे पूर्ण दाबलेले असताना रॉड पाट्याला किंवा चेसिसला घासत नाही ना, ते तपासा. मूळ आर्म गॅसवर तापवून वाकवणाऱ्याच्या दारात जाऊ नका. स्टिअरिंगच्या भागाला वेल्डिंग नको म्हणजे नको.

ड्रॅग लिंक लांबीत, म्हणजे पुढे-मागे जाणारी असेल तर शॅकल, म्हणजे पाट्याच्या एका टोकाची हलती कडी, कुठं आहे ते बघा. पाट्याचा पक्का डोळा मागे आणि बॉक्सही मागे असला की अॅक्सलचा आणि लिंकचा कमान-मार्ग जवळपास जुळतो. शॅकल मागे नेऊन पक्का डोळा पुढे आणला की दोघांची ओढाताण सुरू होते.

हे झाल्यावरच कॅस्टर, म्हणजे नकलचा पुढं-मागं झुकाव. गाडी रस्त्यावर भटकत असेल, वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून परत येत नसेल, तर पाटा आणि अॅक्सलवरचं पॅड यांच्यात पाचरी घाला. नकल वरून थोडी मागे झुकली पाहिजे. पाचर उलटी बसली तर गाडी आणखी बिघडते, हे मिस्त्रीलाही सांगून ठेवा. टो-इन, म्हणजे चाकं पुढून थोडी आत वळलेली ठेवणं, सगळ्यात शेवटी, कारण टाय रॉड हलवला की तो बदलतोच. टायरच्या मध्यावर खडूनं रेघ ओढून पुढं-मागं अंतर मोजा, पुढं २-३ मिमी कमी ठेवा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांबद्दल आहे, म्हणून रस्त्यावर चालवायची गाडी उचलण्याआधी आरटीओत विचारा. काम संपलं की कॅसल नटांना नवी स्प्लिट पिन घाला, आणि पहिल्या खडबडीत फेरीनंतर पाटा हाऊसिंगला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळा. पाटा हाऊसिंगवर थोडा जरी सरकला तर आत्ताच मोजलेली उंची सगळी चुकते.